धरायला जागा नसलेली पृथ्वी

सामान हलवणाऱ्या त्या कंपनीत ताईंना नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. काम तसं सोपं सांगितलं होतं. फोन आला की गिऱ्हाइकाला विचारायचं, घरात काय काय आहे, कोणत्या मजल्यावर आहे, आणि ते सगळं कॉम्प्युटरवर इंग्रजीत लिहायचं. कंपनीच्या गाड्या लांबलांब जात, तिकडे सामान उतरवून घेणाऱ्यांना मराठी कळत नसे, म्हणून इंग्रजी.

ताईंचं इंग्रजी शाळेत जितकं होतं तितकंच, आणि शाळा सुटून त्यांना जमाना झाला होता. त्यांचा नवरा बस चालवायचा. वर्षापूर्वी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि बस सुटली. तो आता घरी कणीक मळायला, भाजी चिरायला शिकला होता आणि ताई ऑफिसात बसायला शिकत होत्या. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "महिनाभर बघू. जमलं तर ठेवू." त्यामुळे फोन वाजला की ताई आधी मालकांकडे बघत.

त्या दिवशी फोनवर एक वयस्क बाई होत्या. आवाज शांत, प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येईल असा.

"कपाटं दोन, पलंग एक, पुस्तकं मात्र भरपूर. आणि वरच्या खोलीत एक पृथ्वीचा गोल आहे. तो जरा अवघड आहे."

"अवघड म्हणजे जड का हो?"

"जड मुळीच नाही. पण आवरत नाही."

तेवढ्यात दुसरा फोन वाजू लागला, समोर मालक बघत होते. ताईंनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. गोल केवढा आहे हे विचारायचं राहूनच गेलं.

मग लिहायची वेळ आली. 'ग्लोब' त्यांना येत होतं. अवघडला काय म्हणायचं? मोबाइलवर शोधलं तर आधी 'डिफिकल्ट' आलं, मग 'हार्ड'. हार्ड ग्लोब म्हटलं तर कोणाला दगडाचा वाटायचा. त्यांनी 'बोजड, न आवरणारा' असं टाकून पुन्हा शोधलं. बरेच शब्द आले. त्यातला एक त्यांना बरा वाटला, लहान होता आणि म्हणायला गोड होता: क्लम्झी. गिऱ्हाइकाच्या नावाखाली शेऱ्याचा एक चौकोन होता, तिथे त्यांनी तो लिहिला आणि पुढच्या फोनकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी कागद छापून हातात घेतला. वर बाईंचं नाव, त्याखाली मोठ्या अक्षरात 'क्लम्झी', आणि मग सामानाची यादी. त्यांनी मुकादमाला बोलावलं.

"या बाई वेंधळ्या आहेत. हातातून वस्तू पडतात वाटतं. त्यांच्या हातात काही देऊ नका. एक ग्लोब आहे, तो नीट कागदात गुंडाळा. दोन माणसं पुरेत."

मुकादम शांत स्वभावाचा, सांगितलेलं काम चोख करणारा. त्याच्याबरोबर दोघे निघाले. एक उंच, त्याला सगळे शिडी म्हणत. दुसरा आडवा, त्याला पैलवान.

दार बाईंनीच उघडलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. ओळखीतले सगळे त्यांना बाईच म्हणत. हातात चहाचा ट्रे होता. पैलवानाने चटकन पुढे होऊन ट्रे काढून घेतला.

"द्या इकडे. आम्ही घेतो आमचं."

बाईंना वाटलं, किती अदबीची माणसं आहेत. त्यांनी खिडकीतली फुलदाणी उचलली, तर शिडीने ती वरच्या वर काढून घेतली. त्या जिना चढू लागल्या, तर मुकादमाने त्यांच्या मागे दोन्ही हात पसरले, पडल्याच तर झेलायला. त्या सुतळी कापायला कात्री शोधू लागल्या, तर पैलवान कात्रीच घेऊन पलीकडच्या खोलीत गेला. शेवटी त्या स्वतःचा चष्मा पुसायला लागल्या आणि शिडी म्हणाला, "बाई, मी पुसून देऊ का?"

बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि मुकादमाकडे वळल्या.

"मी आजारी दिसते का तुम्हाला?"

"नाही बाई."

"मग हे काय चाललंय सकाळपासून?"

मुकादमाला खोटं बोलता येत नसे. त्याने खिशातून कागद काढला आणि दाखवला. "ऑफिसातून असं सांगितलंय. राग मानू नका."

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग खुर्चीत बसल्या.

"मी जन्मभर इंग्रजी शिकवलं," त्या म्हणाल्या. "हा शब्द किती मुलांच्या निबंधात खोडला असेल. माझ्याच नावाखाली तो आज पहिल्यांदा बघतेय."

गोलाचं उरकून घ्यावं म्हणून मुकादम एक लहानसा खोका आणि कागदाचं भेंडोळं घेऊन वरच्या खोलीकडे गेला. दार उघडलं आणि तिथेच थांबला.

अर्धी खोली पृथ्वीनेच भरली होती. शिडीच्या खांद्यापर्यंत येईल एवढा उंच गोल लाकडी बैठकीवर बसला होता. डोंगर हाताला लागतील असे उठावाचे, समुद्र निळे, वाळवंटांना खरीखुरी वाळू चिकटवलेली. मुकादमाने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा गोलाकडे, आणि एकदा हातातल्या खोक्याकडे.

"बाई, हा आत कसा आणला?"

"आणला नाही. इथेच झाला," बाई जिन्यातून म्हणाल्या. "आमचे हे भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कागदाचा लगदा आणि काड्या घेऊन बसले. मी रोज म्हणायची, अहो, दाराचं माप घ्या. ते म्हणायचे, पृथ्वीला दार नसतं."

बाईंचे यजमान जाऊन दोन पावसाळे झाले होते. बाई आता मुलीच्या शेजारी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला निघाल्या होत्या. गोल त्यांच्या यजमानांच्या जुन्या शाळेत जायचा होता. तिथे हॉलमध्ये जागाही करून ठेवली होती.

मुकादमाने ऑफिसात फोन लावला. पुढच्या पाच मिनिटांत मालकांनी कागद आणि कॉम्प्युटर तपासला आणि ते ताईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं ताईंना वाटलं.

"तुम्ही जा तिथे. त्या बाईंची माफी मागा. आणि ती वस्तू काय आहे ते डोळ्यांनी बघून या. संध्याकाळी आपण बोलू."

ताई रिक्षात बसल्या. वाटेत त्यांनी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवली. घरी काय सांगायचं त्याचीही जुळवली.

बाई खालच्या खोलीत पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसल्या होत्या. ताई दारातच म्हणाल्या, "मी ऑफिसातून आले. तो शब्द मी लिहिला. चुकलं माझं."

"आत या आधी. बसा. कोणाबद्दल लिहिला होता?"

"गोलाबद्दल. तुम्ही म्हणालात ना, आवरत नाही म्हणून. मोबाइलमध्ये बोजड असा अर्थ होता त्याचा."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"म्हणजे माझ्यावर नव्हताच तो. चला, सुटले. पण मग तो गेला आमच्या यांच्यावर."

"कसा काय?"

"सांगते. क्लम्झी म्हणजे हालचालीत धांदरट. पेला सांडणारा, ठेचकाळणारा. वस्तूलाही म्हणतात, नाही असं नाही. पण वस्तूला म्हटलं की ती बेढब केली, करणाऱ्याला जमली नाही, असा अर्थ निघतो. आणि यांचा हात फार नेटका होता. वर जाऊन बघा, एक समुद्र चुकलेला नाही."

"मग काय लिहायला हवं होतं?"

बाई उठल्या, ताईंना वर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "उचलून बघा."

ताईंनी दोन्ही हात पसरून गोलाला मिठी मारली. हात अर्ध्यावरच संपले. खालून धरायला गेल्या तर बोटं घसरली. एका बाजूने लावलेल्या जोराने तो जेमतेम वीतभर उचलला गेला, हलका होता, पण लगेच दुसरीकडे कलला. शिडीने सावरला.

"जड आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

"धरायला जागाच नाही."

"हेच. याला अनवील्डी म्हणायचं. वील्ड म्हणजे हातात धरून चालवणं. तलवार वील्ड करतात, हातोडा वील्ड करतात. जे तसं हातात येत नाही ते अनवील्डी. कधी आकार फार मोठा असतो, कधी वजन, कधी घडणच विचित्र. गादी जिन्यातून नेताना बघा, वजन काहीच नसतं, पण माणूस रडकुंडीला येतो."

"खरं आहे," पैलवान मनापासून म्हणाला.

"माणसाला मात्र अनवील्डी म्हणत नाहीत सहसा. उंच मुलगा हातपाय टाकत चालतो, तो अनगेनली. ते दिसण्याबद्दल झालं. आणि अंगावर ओझं होऊन जे वेग कमी करतं ते कम्बरसम. जाड कोट, नाहीतर सरकारी कामाची पद्धत. आणि स्पेलिंग लिहिताना शेवटी एल-डी-वाय. लोक उगीच आणखी एक एल घालतात. माझी हुशार मुलंसुद्धा घालायची."

ताईंनी मोबाइलवर लिहून बघितलं. एल एकच आला. इतक्या संकटातही त्यांना बरं वाटलं.

मुकादम मात्र दाराच्या चौकटीला टेप लावून उभा होता. "दारातून नाही जायचा. खिडकी मोठी आहे. मधला दांडा काढला तर गोल बाहेर निघेल, तो मी काढतो. पुढे दोराने खाली सोडायचा. पण बांधायचा कशाने?"

त्यांनी सामान बांधायचे पट्टे लावून बघितले. एक पट्टा घसरून वर गेला. दुसरा आवळला तर एका डोंगररांगेचा कोपरा चुरला आणि रंगाची पापडी खाली पडली. मुकादमाने लगेच हात काढले. बाईंनी वाकून ती पापडी उचलली आणि तळहातावर धरून ठेवली. या वेळी ती त्यांच्या हातातून कोणी काढून घेतली नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "कापा. मधोमध कापून दोन अर्धे न्या. शाळेत चिकटवतील परत."

मुकादमाने मान हलवली, पण करवत आणायला कोणी हललं नाही.

ताई गोलाकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचं घर आलं. ऑपरेशननंतर नवरा पलंगावर पडून होता, कूस बदलायला कोणी तरी लागायचं. खांद्याला धरलं की तो कळवळायचा, कमरेला धरलं की ओरडायचा. मग दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं. घडी घातलेली चादर अंगाखाली सरकवायची. माणसाला हात लावायचाच नाही, चादरीला लावायचा. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला त्या स्वतः. दोघींनी एकदम उचललं की एवढा आडदांड माणूस अलगद वळायचा.

"बाई," त्या म्हणाल्या, "चादरी कुठे आहेत?"

"खालच्या खोक्यात. का?"

"मला एक करून बघू दे."

मुकादमाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग शिडीला म्हणाला, "चादरी आण. जाड बघून आण."

आधी एक चादर जमिनीवर अंथरली, तिच्यावर दुसरी आडवी. दोघांनी गोल कलता केला, तिसऱ्याने बैठक काढली, आणि गोल हळूच चादरींवर उतरवला. चारी बाजूंनी कापड वर घेतलं. मुकादमाने वरच्या टोकाला अशी गाठ मारली की तिच्यात दोर ओवता येईल. पट्टे त्याने कापडावरून लावले, तेव्हा ते घसरले नाहीत आणि रुतलेही नाहीत. त्याने चार ठिकाणी हाताएवढे फास सोडले.

"घ्या," तो म्हणाला. "आता धरायला जागा झाली."

खिडकीचा दांडा निघाला. शिडी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मुकादम आणि पैलवान दोराला, आणि आतून खिडकीच्या कडेला गोल घासू नये म्हणून एका फासाला ताई आणि एका फासाला बाई.

"बाई, तुम्ही सोडा, मी धरतो दोन्ही," पैलवान सवयीने म्हणाला.

"तू दोर धर," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून काही पडत नाही."

गोल खिडकीबाहेर गेला आणि वाऱ्याने एकदा वळला. दोघींनी फास सोडले. तो खाली जाऊ लागला, चादरीत गुंडाळलेला, गाठीखालून वरच्या ध्रुवाचा थोडा पांढरा भाग दिसणारा. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. सायकलवरचा पोस्टमन एक पाय टेकून थांबला. कोणी तरी शिडीला "डावीकडे, डावीकडे" असं सांगू लागलं आणि मग रस्त्यावरचे सगळेच सांगू लागले. शिडीने कोणाचंच ऐकलं नाही. तो मुकादमाच्या हाताकडे बघत राहिला आणि गोल उघड्या टेम्पोत ठेवलेल्या गादीवर टेकला तेव्हा फक्त अंगठा वर केला.

बाई खिडकीतून मागे वळल्या. हातातली रंगाची पापडी त्यांनी एका पाकिटात घातली आणि पाकीट मुकादमाला दिलं. "शाळेत चित्रकलेचे सर आहेत, त्यांना द्या. ते चिकटवतील." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी किती वर्षं कुरकुर केली त्या गोलावर. घरात जागा नाही, धूळ बसते, पाहुण्यांना झोपवायला खोली नाही. आज तो कापायची वेळ आली तेव्हा मलाच नको झालं. तुम्ही लोकांनी तो अख्खा नेलात. हे मी विसरणार नाही."

"काम आहे आमचं," मुकादम म्हणाला. मग तो खिडकीचा दांडा परत बसवायला लागला.

संध्याकाळी ताई ऑफिसात पोहोचल्या त्याआधीच बाईंचा फोन येऊन गेला होता. मालकांनी तो घेताना कपाळावर हात ठेवला होता, असं नंतर शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं. त्यांना रोज फोन यायचे ते तक्रारीचेच. हा नुसता आभाराचा होता. पलीकडून कोणी भरपाई मागत नाही, शिव्या देत नाही, हे कळेपर्यंत ते "हो, हो, बघतो आम्ही, माफ करा" असंच म्हणत राहिले. मग गप्प होऊन ऐकू लागले.

त्यांनी ताईंना समोर बसायला सांगितलं.

"शब्द चुकला ते चुकलाच."

"हो."

"पण त्या बाई म्हणतात, तुम्ही वेळेवर चादरी काढल्या नसत्या तर करवत लागली असती." ते जरा घुटमळले. "उद्यापासून मोठी घरं असली की आधी तुम्ही जाऊन बघून यायची. फोनवर नाही कळत. आणि तो महिन्याचा विषय सोडा. तो आता नाही."

ताई घरी आल्या तेव्हा नवरा पोळ्या लाटत होता. अजूनही त्याची पोळी गोल येत नसे. ताईंनी पर्स ठेवली, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. चादरीपाशी आल्या तेव्हा त्याचं लाटणं थांबलं.

"म्हणजे माझ्या पाठीचा कोणाला तरी उपयोग झाला," तो म्हणाला.

"झाला तर."

"बरं झालं. मला वाटायचं, ते वर्ष नुसतं फुकट गेलं." त्याने पोळी तव्यावर टाकली. थोड्या वेळाने पाठमोराच म्हणाला, "तेव्हा तू आणि आईने किती केलंत माझं. कधी बोललो नाही मी."

ताईंनी ताटं घेतली.

रविवारी सकाळी त्या बाईंच्या नव्या घरी गेल्या. फोनवर बाईंनीच बोलावलं होतं. "इंग्रजी शिकवते, पण मोबदला घेणार," असं म्हणाल्या होत्या, आणि मोबदला काय ते गेल्यावर कळलं. खोकी अजून उघडलेली नव्हती. दोघींनी आधी भांडी लावली, मग पुस्तकं. चहाला कप सापडेनात म्हणून वाट्यांतून चहा प्यायल्या. आता बाई त्यांना "अगं" म्हणू लागल्या होत्या. ताईंना ते फार बरं वाटलं. माहेर सुटल्यापासून इतक्या सहज त्यांना कोणी अगं म्हटलं नव्हतं.

"आता पाटी काढ," बाई म्हणाल्या. पाटी नव्हती, एका खोक्याचं झाकण होतं.

ताईंनी विचारलं, "गेलं वर्ष आम्हाला अवघड गेलं, याला काय म्हणायचं? अनवील्डी?"

"नको. वर्ष उचलायचं नसतं. तिथे साधं हार्ड म्हण. साधा शब्द पुरतो तिथे साधाच घ्यावा."

"आणि आभारी आहे याला?"

"ग्रेटफुल. पण ग्रेट माणसातलं ग्रेट नाही हं, स्पेलिंग वेगळं आहे." बाईंनी पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "कर बघू वाक्य. कोणाची आभारी आहेस ते सगळं आलं पाहिजे."

ताईंनी पेन्सिल घेतली. आधी बाईंना घातलं. मग मुकादमाला. मग शिडी आणि पैलवान, त्यांना इंग्रजीत काय म्हणायचं हे विचारून. मग ती नर्स आठवली, सासूबाई आठवल्या, नवरा आठवला, मालकही आठवले. झाकण भरत आलं आणि पूर्णविराम काही येईना. त्या संकोचून थांबल्या.

"फार लांबतंय," त्या म्हणाल्या.

बाईंनी दुसऱ्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"लांबू दे," त्या म्हणाल्या. "लिही."